एकोणीस नंबरची हाक

शरणबसवच्या घरात दोघंजण दिवसभर हाका मारत. एक त्याचे वडील शिवशंकरप्पा आणि दुसरा बेंगळूरहून आलेला मदरबोर्ड. दोघांचा मुक्काम एकाच खोलीत होता, कारण हळ्ळीखेडच्या त्या घरात इन्व्हर्टरची जोडणी तेवढ्या एकाच खोलीला होती.

दिवाळीत अप्पांचं उजवं अंग लुळं पडलं आणि आवाज असा बसला की उंबऱ्यापलीकडं पोचेना. म्हणून शरणबसवनं त्यांच्या डाव्या हाताशी बिनतारी घंटीचं बटण दिलं. दाबलं की बाहेरच्या खोलीत चिमणी चिवचिवायची. पहिल्या आठवड्यात तो, आई आणि बायको तिघंही धावत जात. दुसऱ्या आठवड्यात एकजण चालत जाई. पंखा वाढव, पंखा कमी कर, कोण आलं होतं, भाजी कशाची, समोर घड्याळ असताना किती वाजले! दिवसाला अशा चाळीस हाका. माणूस उठून उठून किती उठणार? होळीपर्यंत घराला उपाय सापडला. बसल्या जागेवरून 'आलो अप्पा' म्हणायचं. आई मल्लम्मा नवऱ्याला कानडीतून 'बंदे री', म्हणजे आलेच हो, म्हणायची, सून नेत्रावती 'आले मामा' म्हणायची, आणि कुणीच जात नसे. उत्तर मिळालं की अप्पाही थोडा वेळ गप्प राहत. वाईट होतं, पण चाललं होतं.

मदरबोर्डाची तऱ्हा वेगळी नव्हती. दुधाचे टँकर थंड ठेवणाऱ्या यंत्रासाठी कंपनीनं तो बनवला होता आणि त्याचा कर्नल शरणबसवनं तयार करायचा होता. कर्नल म्हणजे सगळ्या भागांवर देखरेख करणारा प्रोग्राम, यंत्रातला मुकादम. बोर्डावरच्या कुठल्याही भागाचं काम निघालं की तो या मुकादमाला इंटरप्ट पाठवतो, म्हणजे हाक मारतो. मुकादमानं हातातलं टाकून ती ऐकायची. प्रत्येक हाकेला नंबर. बाकी सगळ्या नंबरांचे धनी सापडले, एकोणीसचा सापडेना. कागदपत्रांत त्या जागी नुसती रेघ होती. ही हाक अधूनमधून यायची आणि आली की थांबायची नाही. लाखभर हाका झाल्या की कर्नल पडद्यावर इंग्रजीत लिहायचा, 'कुणालाच पर्वा नाही', आणि ती वाटच बंद करून टाकायचा. नेटवर्कच्या हाका त्याच वाटेनं येत, त्यामुळे तेही मरायचं.

शरणबसवनं बेंगळूरला हरिओमला फोन लावला. हरिओम औरादचा, कंपनीत बोर्ड जुळवायचा.

"एकोणीस नंबर कुणाचा हाय रे?"

"मला काय ठाव? आधीच्या माणसानं टाकलाय. तो नोकरी सोडून गेला."

"मग मी काय करू?"

"साहेब काय म्हणलेत? तीन दिवस बंद न पडता चालला पायजे. चालला तर तू घरूनच काम कर. न्हाई तर बॅग भर आन् हिकडं ये. तू तेवढं बघ."

शरणबसवला जायचं नव्हतं. मल्लम्मा आणि नेत्रावती दोघी मिळूनही अप्पांना उचलून बसवू शकत नव्हत्या. त्यानं चार ओळी लिहिल्या. एकोणीसची हाक आली की 'पोचली, काम झालं' एवढं उत्तर द्यायचं आणि पुढं जायचं. ही युक्ती आपल्याला कुठून सुचली, याचा त्यानं विचार केला नाही. बोर्ड मात्र गुमान चालू लागला.

तिसऱ्या दिवशी एप्रिलचं ऊन भिंतींतून आत येत होतं. बोर्डावरच्या लुकलुकत्या दिव्यांनी अप्पांचा डोळा लागत नाही, म्हणून मल्लम्मानं दुपारी आपलं जुनं इरकली लुगडं चौपदरी करून बोर्डावर पांघरलं. कुणाला सांगावं असं त्यात काही नव्हतं.

बाहेरच्या खोलीत शरणबसव पडद्यासमोर बसला होता. तीन दिवस भरायला चार तास उरले होते. तासाभरात एकोणीस नंबरनं नऊशे हाका मारल्या होत्या आणि नऊशेच्या नऊशे हाकांना उत्तर गेलं होतं. बिचाऱ्याला स्वतःचं कौतुक वाटलं.

चिमणी चिवचिवली.

"आलो अप्पा."

पुन्हा चिवचिवली.

"बंदे री!" स्वयंपाकघरातून मल्लम्मा.

चिमणी काही थांबेना. "आज मामा लई वाजवायलेत," नेत्रावती म्हणाली. "बघता का अत्ती?"

"उकडायलंय त्यास्नी. पंखा पायजे असंल. तू जा की."

"आले मामा!" नेत्रावती ओरडली आणि पुन्हा तूर निवडू लागली.

तेवढ्यात पडदा काळा झाला. शरणबसव धावला, पण बोर्डासाठी धावला, हे सांगितलंच पाहिजे.

खोलीत धूर होता. लुगड्याला हातभर भोक पडलं होतं. बोर्ड पाण्यात निथळत होता आणि अप्पा अर्धे खाटेबाहेर लोंबकळत होते. डाव्या हातात रिकामा तांब्या.

"अप्पा, हे काय केलाव?"

"पेटलं होतं," अप्पा कसेबसे म्हणाले. "सतरा बार दाबलो. सतरा बार आलो आलो म्हणालाव. कोण आलं?"

तिघांनी मिळून त्यांना उचलून सरळ केलं.

दुसऱ्या दिवशी हरिओमचा फोन आला. "सापडला की एकोणीस नंबर. बोर्ड तापला की ती हाक येतीय. तू तिला काय उत्तर द्यायलास?"

"आलो म्हणून."

"आन् गेलास?"

"न्हाई."

"बॅग भर," हरिओम म्हणाला.

बेंगळूरला नवा बोर्ड मिळाला. एकोणीसची हाक आली की आधी पंखा फिरवायचा, नाही भागलं तर यंत्रच थांबवायचं, असं शरणबसवनं नीट लिहिलं. घरी आता चिमणी चिवचिवली की दोघी हातातलं टाकून धावत, आणि अप्पांना उचलायला श्रीमंत नावाचा शेजारी येई. शिवाय एक बटण दाबलं की शरणबसवला लागेल असा फोन अप्पांना दिला होता.

चौथ्या दिवशी जेवणानंतर त्याचा फोन वाजला. शरणबसवची नजर पडद्यावर होती. त्यानं फोन कानाला लावला आणि सवयीनं म्हणाला, "आलो अप्पा."

म्हटलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं. मध्ये सहाशे-सातशे किलोमीटर होते. पलीकडं अप्पा हसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच.

"ये," ते म्हणाले. "आन् आलास की पंखा तेवढा कमी कर."