साबणाने धुतलेली कढई

व्हर्नाबाईंच्या बिडाच्या कढईला साबण लावायचा नसतो, हे टेक्सासातल्या त्या गावात शेंबडं पोरही जाणत होतं. इंग्रिड पडली पोर्टलंडची. होणाऱ्या सासूच्या, म्हणजे व्हर्नाबाईंच्या, घरी पहिल्यांदाच आलेली, आणि कडक व्हीगन; मांसच काय, दूध-तूपही वर्ज्य. आपण व्हीगन आहोत हे ती नाव सांगायच्या आधी सांगत असे. कढईला डुकराच्या मांसाचा वास येतो म्हणून तिने तारेची घासणी घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या चरबीचा मुरलेला काळा थर मोरीत सोडला. कढई राखाडी पडली तेव्हा तिला फार समाधान वाटलं.

सासरे रॉयसराव आत आले ते भिंतीला टेकूनच उभे राहिले. ती कढई लग्नात थोरल्या सुनेला द्यायची त्यांची रीत होती, आणि दुसऱ्या दिवशी चर्चच्या जेवणाला तिच्यातलाच घेवडा जायचा होता. इंग्रिडने माफी मागितली, नवी आणून देते म्हणाली, तेव्हा तर ते अधिकच भडकले.

"उद्याचा घेवडा तू करायचास, पोरी. डुकराची चरबी घालून, स्वतःच्या हातानं. आणि चारचौघांत खायचास. नाहीतर मी लग्नाला येत नाही."

तिचा नवरदेव क्लेटन बुटांकडे बघत राहिला. इंग्रिडला रडू फुटलं. क्लेटनवर तिचा जीव होता आणि तत्त्वावरही होता.

रॉयसराव बाहेर गेल्यावर व्हर्नाबाईंनी क्लेटनलाही पिटाळलं आणि दार लावून घेतलं. पिठाच्या डब्यामागून त्यांनी साध्या तेलाची बाटली काढली आणि धुराच्या वासाच्या अर्काची एक शिशी.

"ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून चरबी बंद आहे. ह्यांना पत्ता नाही, गावालाही नाही."

"म्हणजे मी घासलं ते..."

"वरचं सगळं तेलच होतं, बयो. आता कुठे बोललीस, तर लग्न मी मोडीन."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दालनात सगळं गाव बघत असताना इंग्रिडने घेवडा खाल्ला, वर आणखी मागून घेतला. चरबीची चव लपत नाही, असं जुनी खोडं एकमेकांना सांगत होती. रॉयसरावांचा ऊर भरून आला. त्यांनी तिथेच कढई तिच्या नावाने केली.

"सांग सगळ्यांना, कशानं मन पालटलं तुझं?"

इंग्रिडने व्हर्नाबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे पेल्यांत चहा ओतत होत्या.

"चरबीनं," ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाद्रीबाबांनी हरवलेलं मेंढरू परत आल्याचं जाहीर केलं. गेली तीन वर्षं जिला तोंड मिटणं ठाऊक नव्हतं, तिने ते आता जन्मभरासाठी मिटलं होतं.

तेवढ्यात क्लेटन ताट घेऊन शेजारी येऊन बसला. ताटात भाजलेल्या बरगड्यांचा ढीग होता. तीन वर्षं तो तिच्यासाठी तोंड दाबून सोयाबीन खात होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बरं झालं बाई, सोडलंस," बरगडी उचलत तो म्हणाला. "मी तर आशाच सोडली होती."