बकारामजींच्या मरणाची तालीम

आमच्या शहापुरातले बकारामजी वर्षातून एकदा मरत. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, चहाच्या आधी. सत्तर सालानंतरची दहाएक वर्षं त्यांनी हा नेम चुकवला नाही.

घरापुढच्या छपरीत बाज टाकायची, त्यावर धुतलेलं धोतर नेसून उताणं पडायचं, गळ्यापर्यंत चादर. भोवती बायको सखूकाकी, दोन पोरं, दोन सुना आणि अर्धी गल्ली. उशाशी मृत्युपत्र हातात धरून मी. माझा गुन्हा एवढाच, की मी शाळामास्तर आणि शेजारी.

"समजा मी मेलो," बकारामजी डोळे मिटूनच म्हणत. "हं, वाचा जी मास्तर."

मी वाचायला लागलो की मेलेला माणूस बोलायला लागे. "जोरात वाचा, मागच्यायले आयकू जात नाही." "थांबा, आंब्याचं झाड राहिलं." एकदा थोरल्याने जांभई दिली. तो जवाहरनगरच्या फॅक्टरीतला, रात्रपाळी करून आलेला. पण मढ्याने एक डोळा उघडला. "बाप मेला ना बे तुहा? जांभया काहून देऊन राहिला?"

कोण रडतं, याच्यावर त्यांचं बारीक लक्ष. आंबागडची त्यांची बहीण एका वर्षी न कळवता आली. बिचारीने दारातून बाज पाहिली, चादर पाहिली, आणि असा गळा काढला की शेजारचा एक जण बांबू तोडायला धावला! बकारामजी ताडकन उठून बसले. "एवढी काहून रडून राहिली वं? तुले काईच ठेवलं नाही." बाई जागीच बेशुद्ध. तिला पाणी मारतोय तोवर बांबूवाला आला, तर त्यालाच दम, "वाकडेतिकडे कायले आणले बे? सरके भेटले नाही?"

आता मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात, हे मी त्यांना दहादा सांगितलं. पण ऐकतील ते बकारामजी कसले!

"कागदाले उधई लागते, मास्तर. लोकायच्या कानाले लागत नाही."

त्या मृत्युपत्रात दरवर्षी फेरफार. रेडिओ कधी थोरल्याला, कधी धाकट्याला. बैलबंडी आज याची, उद्या त्याची. मी लिहून लिहून वैतागलो. एकच कलम कधी बदललं नाही. 'राहतं घर आणि बोडीच्या पाण्यावरची दोन एकर धानाची जमीन माझी बायको सखूबाई हिच्या एकटीच्या नावे. तिला घरातून कोणी काढू नये.' इथे बकारामजी हटकून उठून बसत आणि एकेकाला विचारत.

"आयकलं?"

"आयकलं, बाबा."

"सूनबाई, आयकलं?"

गल्लीनेही हो म्हटलं की पुन्हा आडवे होऊन उरलेलं मरण पुरं करत. शेवटी, चहा ठेवायला आत गेलेल्या काकीची हाक येई, "अजी, मरणं झालं असन त उठा. चहा थंडा होऊन राहिला."

एका वर्षी माझं डोकं सटकलं. म्हटलं, "काकाजी, पोरं सोन्यासारखी आहेत तुमची. कशाला हा तमाशा?"

"माहे काका बी चांगलेच होते, मास्तर," ते म्हणाले.

मग सांगितलं. वडील गेले तेव्हा हे सात वर्षांचे. वडिलांनी लिहून ठेवलेला कागद कोणालाच सापडला नाही. काकांनी मायलेकरांना घरातून काढून गाईच्या कोठ्यात ठेवलं. "माय तेथंच मेली," एवढं बोलून ते उठून गेले. मला माझीच लाज वाटली. पुढल्या वर्षापासून मी मोठ्याने वाचू लागलो.

आणि मग एका वर्षी, पोळ्याच्या महिनाभर आधी, सखूकाकीच गेली. तीन दिवसांचा ताप, बस्स.

यंदा तालीम नाही, असं मी धरून चाललो होतो. पण त्या सकाळी धाकटा आला. "मास्तर, बाबा बाजेवर पडले. तुमाले बलावून राहिले."

मी वाचू लागलो. बकारामजी एकदाही मधे बोलले नाहीत. काकीचं कलम आलं आणि मी अडलो.

थोरला हळूच म्हणाला, "बाबा, हे आता खोडा लागन."

त्यांनी डोळे उघडले. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"राहू दे," म्हणाले. "समजा, ते आत आहे. वाचा मास्तर, जोरात."

मी वाचलं. कसं वाचलं ते माझं मला ठाऊक. त्या वर्षी त्यांनी कोणालाच विचारलं नाही. थोरलाच आपणहून म्हणाला, "आयकलं, बाबा." मग धाकटा, मग सुना, मग गल्ली.

वाचन संपलं, तरी बकारामजी उठेनात. मी कागदाची घडी घातली. मग माझ्या ध्यानात आलं, माणूस हाकेची वाट बघतोय.

थोरल्या सुनेलाही ते कळलं असावं. कपबशी घेऊन ती दारात आली. पदर सावरला आणि चाचरत म्हणाली, "मामाजी, उठा ना जी. चहा थंडा होऊन राहिला."

बकारामजी उठून बसले, कप हातात घेतला आणि सगळ्या गल्लीसमोर ढसाढसा रडले.