मांजरीचं माहेर

आमच्या शेजारच्या इंदूवहिनी माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत. जन्मला कसा, त्यावरून ओळखतात.

बाजारात कोणी नमस्कार केला की त्या जरा बघतात आणि मला सांगतात, "हा पायाळू. पावसात याच्या शेजारी उभे राहू नका, वीज पडेल." बँकेतला साहेब त्यांच्या लेखी नाळ गळ्यात अडकलेला. आमच्या वॉर्डातला पुढारी जन्मला तेव्हा रडलाच नव्हता. वहिनी म्हणतात, "दोन चापट्या मारल्या तेव्हा तोंड उघडलंन, ते अजून मिटलं नाही. माझीच चूक."

सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत त्या तीस वर्षं आया होत्या. डॉक्टर बदलले, नर्सा बदलल्या, वहिनी तिथेच. अर्धं गाव त्यांनी नागडं बघितलेलं, त्यामुळे त्या कोणाला भीत नाहीत. दुसरं म्हणजे त्यांना प्रत्येक गोष्टीची रीत लागते. डावा पाय आधी पडला की परत घरात जातील, पाणी पितील आणि उजवा टाकून निघतील. कोणी हसलं तर एकच उत्तर, "रीत ती रीत."

मी चौथी शिकलेला माणूस. बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढण्यात जन्म गेला. मांडवीत आमची दोन घरं शेजारी, मधे गुडघाभर उंचीचा दगडी गडगा. वहिनींचे यजमान कंडक्टर होते, माझे दोस्त. ते जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यांच्यामुळे मी भावजी झालो, तो अजून भावजीच. आमची ही गेली त्याला गेल्या माघात वर्ष झालं. तेरावा झाल्यावर मी मागच्या खोलीला कुलूप घातलं. आत तिची खाट, तिची ट्रंक, तिने शिवलेली गोधडी. लोक विचारतात, कुलूप कशाला. माझी खोली, माझं कुलूप.

दिवाळीनंतर एक मांजरी वहिनींच्या न्हाणीघरामागे येऊन बसली. जेट्टीवरची भटकी, एक कान फाटका, बरगड्या बाहेर, आणि पोट मात्र घागरीसारखं. वहिनींनी पोटाखाली हात घातला, डोळे मिटले आणि सांगितलं, "पहिलटकरीण आहे. चार आहेत. एक आडवं आहे."

मांजरीने चावायला हवं होतं. चावली नाही.

मी म्हटलं, आडवं असेल तर जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. वहिनी म्हणाल्या, त्याला मीच बाहेर काढलाय, तो स्वतः कुठे वेळेवर आला होता. विषय संपला. मांजरी घरात आली. तिचं नाव बाय. दवाखान्यात सगळ्याच बायका त्यांच्या बाय असायच्या, तशी ही.

मग डोहाळे सुरू झाले. वहिनींनी तीन वाट्यांत आमसूल, चिंच आणि आवळा मांडला. बायने तिन्हींकडे पाठ फिरवली, गडगा ओलांडला आणि माझ्या तव्यातला बांगडा उचलला. वहिनी माझ्याकडे आल्या. मला वाटलं माफी मागतील. त्या म्हणाल्या, डोहाळे बांगड्याचे आहेत, तेव्हा तुम्ही रोज आणत चला. मी वर्षभर भात आणि लोणच्यावर काढत होतो, आठवड्यातून एकदा मासळी. ते रोज झालं. एक तिला, एक मला. एकटा बांगडा तळणं तेलाला परवडत नाही.

मधे ग्रहण आलं. पोटुशीने ग्रहणात काही कापू नये, चिरू नये. वहिनींनी बायला टोपलीखाली घातलं, टोपलीवर पाटा ठेवला, आणि माझी विळी उचलून नेली. मी म्हटलं, मी पोटुशी नाही. "तुम्ही तिच्यासमोर मासे कापता," त्या म्हणाल्या. ग्रहण सुटल्यावर पाटा काढून बघितलं तर बाय टोपलीखाली पाल मारून बसलेली. शेपूट वेगळं, पाल वेगळी. वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत.

खरी भानगड पुढे झाली. दिवस भरत आले तशा वहिनी माझ्या पडवीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, पहिली खेप माहेरी करायची असते.

मी म्हटलं, करा की. तुमच्याकडे आहे ना ती.

"माझं घर तिचं माहेर कसं होईल?" वहिनी म्हणाल्या. "बोका माझ्या कौलांवर राहतो. म्हणजे माझं घर सासर."

हे त्यांनी बोक्याकडे बोट दाखवून सांगितलं. तो कौलांवर पाय पसरून झोपला होता. जावई म्हणून बघितलं तर तसाच दिसत होता.

मग माहेर कुठलं, ते मला कळलं. मासळी कोण देतं? मी. रुसून ती कुठे जाते? माझ्याकडे. आणि बाळंतपणाला अंधारी, निवांत खोली लागते. ती माझ्याकडे एकच. वहिनींनी कुलपाकडे बघितलं नाही, पण न बघणंही कळतं माणसाला.

मी तोंडाचा फाटका. म्हटलं, मांजर आहे ती वहिनी, तिला कसलं माहेर आणि कसलं सासर. ती खोली उघडायची नाही. मांजरीसाठी तर नाहीच नाही.

त्या उठल्या. दोन दिवस गडग्यापलीकडून आवाज नाही. वहिनी दोन दिवस गप्प हे कोणी ऐकलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणवेळेला त्या टोपली घेऊन आल्या, पडवीत ठेवली, म्हणाल्या, "लेक आणून सोडलीय," आणि निघून गेल्या. मी पडवीत एक खोका मांडला, पोतं अंथरलं. बायने त्याचा वास घेतला आणि सरळ आत गेली. कुलपाच्या दाराशी बसली आणि ओरडायला लागली. भुकेचं ओरडणं मी ओळखतो. हे ते नव्हतं. आमची ही शेवटच्या दिवसांत अशी कण्हायची. मी किल्ली शोधली. किल्ली कुठे आहे हे मला ठाऊक होतं, तरी शोधली.

दार उघडलं. बाय खाटेवर चढली, गोधडीवर दोनदा गोल फिरली आणि आडवी झाली. मी गडग्याशी जाऊन हाक मारली.

वहिनी पदर खोचूनच आल्या. जणू मागच्या दारी उभ्याच होत्या. कोमट पाणी मागितलं, जुनं मऊ धोतर मागितलं, आणि मला सांगितलं, दारात उभे राहा, मधे बोलू नका. पहिलं आलं. दुसरं आलं. मग तास गेला. बाय नुसती धापा टाकत होती.

वहिनी तिच्या पोटावरून हळूहळू हात फिरवत बसल्या. मान वर न करता बोलायला लागल्या.

"मी देवरूखकडची. आई नव्हती. भाऊ मुंबईला. पहिल्या खेपेला त्याने कळवलंन, खोली लहान आहे, नंतर ये. इथेच बाळंत झाले. सकाळी दोन हंडे आणले विहिरीवरून, दुपारी गोठ्यात. मुलगी होती. रडली नाही. सासू म्हणाली, देवाची इच्छा." बायने पाय ताणले. वहिनींनी दोन बोटं आत सरकवली, काहीतरी वळवलं. "दोन चापट्या मारायच्या असतात, भावजी. मला तेव्हा कुठे ठाऊक होतं."

तिसरं पिल्लू आलं ते ओल्या चिंधीसारखं. हललं नाही. वहिनींनी ते धोतरात घेतलं, उलटं धरलं, तोंड पुसलं आणि पाठीवर चोळत राहिल्या. चोळतच राहिल्या. मी सांगणार होतो, राहू द्या आता. बरं झालं मला बोलायची बंदी होती.

ते चिऊसारखं ओरडलं.

वहिनींनी ते बायच्या पोटाशी लावलं. मग त्याची शेपटी बघितली. टोकाला मोडलेली होती. "ग्रहण," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले. चौथं आपलं आपण झालं.

सव्वा महिना बाळंतपण माझ्याकडे झालं. खोलीला कुलूप लावायची सोय राहिली नाही, बायला सारखं आत-बाहेर करायचं असायचं. पिल्लं ट्रंकेवर चढायला लागली. ट्रंकेला कोणी हात लावलेला मला चालत नसे. पिल्लांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग पाठवणीचा दिवस आला. वहिनी टोपली घेऊन हजर, अंगावर इस्त्रीचं लुगडं. मी आदल्या दिवशी ट्रंक उघडली होती. त्यात हिने कोणाच्या तरी बारशाला म्हणून आणलेला हिरवा खण होता, घडीही न मोडलेला. तो, नारळ आणि ओंजळभर तांदूळ मी सुपात ठेवले.

वहिनींनी सूप बघितलं. मांजरीची ओटी भरताय की काय, म्हणाल्या.

मी म्हटलं, तिला बांगडा दिलाय. हे तुम्हाला.

त्यांनी खणाची घडी बोटाने चाचपली. मग म्हणाल्या, "विधवेची ओटी भरत नाहीत, भावजी. आणि पुरुषमाणूस तर भरतच नाही. अशी रीत नाही."

"मी चौथी शिकलेला," मी म्हटलं. "मला रीत कुठली ठाऊक असायला?"

वहिनींनी पदर पसरला. थोडे तांदूळ खाली सांडले. कोणाच्या हातून ते सांगत नाही. मग त्यांनी एका हाताने ओटी सावरली, दुसऱ्या हातात टोपली घेतली, उजवा पाय आधी टाकला आणि निघाल्या. गडग्यापाशी जाऊन मागे वळल्या. लेकी वळतात तशा.

"येते हं, दादा," त्या म्हणाल्या.

"सांभाळून जा गो बाय," मी म्हटलं.

मधे गडगाच होता.