ट्रॉफीवरचा चिकटा

"कुठला पदार्थ कशात विरघळतो, विचारा! बुडवून बघायची गरजच नाही!" असं म्हणत भाकीतराव बाह्या सरसावून लॅपटॉप उघडत. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांचं कामच ते होतं. नवं सेंद्रिय संयुग कुठल्या द्रावकात किती विरघळेल, हे आधीच सांगायचं. त्यासाठी त्यांनी स्वतः प्रोग्राम लिहिला होता आणि त्याची दहातली नऊ भाकितं खरी ठरत. सहकाऱ्यांनी चेष्टेने त्यांना 'भाकीतराव' हे नाव ठेवलं. यांना ती पदवीच वाटली!

त्या रविवारी घरात आनंदीआनंद होता. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांच्या आईने सोसायटीची बुद्धिबळ स्पर्धा जिंकली होती! आयुष्यातली पहिली ट्रॉफी! आरपार दिसणारी, चकचकीत, वर सोनेरी अक्षरांत तिचं नाव. आणि ती बघायला चार वाजता मोठी मावशी येणार होती. ही मावशी लहानपणी आईला प्रत्येक डावात हरवायची आणि वर म्हणायची, "तुझं डोकं वेणी घालण्यापुरतंच आहे!" पन्नास वर्षं आईने ते वाक्य गिळलं होतं. आज हिशेब चुकता व्हायचा होता.

खोट एकच. ट्रॉफीवरचं दुकानाचं लेबल निघालं, पण त्याचा चिकटा तसाच राहिला. आईने घासघास घासला, तर त्यावर फडक्याचे धागे बसले.

"थोडं गोडंतेल लाव. निघेल," पेपरामागून बाबा म्हणाले.

"तेल?" भाकीतराव कळवळले. "बाबा, जग कुठल्या कुठे गेलंय! आई, दोन मिनिटं दे!"

लॅपटॉप उघडला. चिकटा कशाचा असणार ते भरलं, आठ द्रावकं भरली. पाणी: अजिबात नाही. स्पिरिट: थोडंफार. तेल: हळूहळू. अ‍ॅसिटोन: शहाण्णव टक्के!

"बघितलंत? शहाण्णव!" म्हणत ते धावले आणि बहिणीच्या कपाटातून नेलपेंट काढायची बाटली घेऊन आले. "यात अ‍ॅसिटोनच असतं!"

बोळा भिजवला, फिरवला. चिकटा गायब! "गेला! आई, गेला!" भाकीतराव जागच्या जागी नाचले.

"गेला खरा," आई वाकून म्हणाली, "पण इथे हे पांढरं काय आलं?"

"काही नाही, पुसलं की जाईल!"

पुसलं, तर पांढरं वाढलं. आणखी अ‍ॅसिटोन ओतलं, तर कापूस ट्रॉफीला चिकटला. कापूस ओढला, तर त्याच्याबरोबर सोनेरी अक्षरंही आली. घाबरून त्यांनी ट्रॉफी घट्ट धरली, तर बोटं चक्क आत रुतली!

"काचेत बोटं कशी रुततील?" भाकीतराव किंचाळले.

"काच एवढी हलकी असते होय?" बाबांनी पेपर खाली केला. "प्लास्टिक आहे ते!"

भाकीतरावांनी प्रोग्रामला प्लास्टिकचं विचारलं. उत्तर तत्काळ आलं. विरघळेल, चौऱ्याण्णव टक्के! भाकीत अचूक होतं, फक्त विचारायला उशीर झाला होता. आईचे डोळे भरून आले. भाकीतरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात बेल वाजली. मावशी! चक्क तासभर आधी!

तिने चष्मा लावून ट्रॉफी उलटीपालटी केली. पांढरट, कापसाळलेली, वर पाच बोटांचे ठसे. "नाव कुठाय गं तुझं? का कुणी टाकून दिलेली उचलून आणलीस?"

"मावशी, अगं, मी..." भाकीतराव पुढे झाले.

"तू गप्प बस!" आई कडाडली. तिने डोळे पुसले, कपाटातून पट काढला आणि मावशीसमोर मांडला. "ताई, बस. पांढरी तू घे."

पुढची वीस मिनिटं घरात कुणी श्वासही घेतला नाही. बाबा पेपर विसरले. मावशीचा आधी घोडा गेला, मग हत्ती, मग रुबाब. सतराव्या चालीला आईने वजीर सरकवला आणि शांतपणे म्हणाली, "शह आणि मात!"

मावशीने आपला राजा पटावर आडवा केला. मग पुटपुटली, "डोकं आहे हं तुला!"

भाकीतराव आनंदाने उड्या मारत आईच्या गळ्यात पडले. "आई! नाव गेलं म्हणून काय झालं? पुढच्या वर्षीही तूच जिंकणार! माझं भाकीत आहे!"

"जिंकणार आहेच मी," त्यांचे हात सोडवत आई म्हणाली. "पण ट्रॉफी घरी येईल त्या दिवशी तू ऑफिसात जाऊन बस. रविवार असला तरी!"