सुधारित भूसत्य

पृथ्वी आपली आपण फिरत असते. परंतु तिच्यावर कुठे काय आहे हे तिचं तिला ठरवू देणं धोक्याचं आहे, यावर १९९२ साली एकेचाळीस देशांचं एकमत झालं. (बाकी कशावरही झालं नाही.) त्या एकमतातून जागतिक भू-निरीक्षण समन्वय योजना निघाली आणि तिचा दक्षिण कक्ष बंगळुरात, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, कँटीनच्या बरोबर डोक्यावर उघडला.

योजना सुंदर होती. उपग्रह दर बावीस दिवसांनी वरून जाई, जमिनीचे चौकोन पाडी आणि प्रत्येकाचा रंग कळवी. मग खालचा एक माणूस त्या चौकोनात जाऊन उभा राही आणि तिथे खरोखर काय आहे ते लिहून पाठवी. या दुसऱ्या माहितीला भूसत्य म्हणत. दोन्ही जुळवून साठ प्रकारांपैकी एक क्रमांक द्यायचा. सात म्हणजे भातशेती, बारा म्हणजे तलाव, एकतीस म्हणजे पूर्वी जंगल असलेली जागा, सत्तेचाळीस म्हणजे केरकचरा. साठ म्हणजे 'इतर'. मात्र तो देणाऱ्याला लेखी कारण द्यावं लागे, त्यामुळे जगात इतर असं काही उरलं नव्हतं. नियम नऊ सांगे की उपग्रह आणि भूसत्य यांच्यात मतभेद झाल्यास भूसत्य प्रमाण मानावं, कारण उपग्रह लांब असतो.

ही जुळणी शालन अभ्यंकर करी. शालन पुण्याची, वनस्पतिशास्त्रातली एम. एस्सी., आणि तिच्या टेबलावर कायम टोक केलेली लाल पेन्सिल असे. दोन वर्षांत तिने सव्वा लाख चौकोनांना क्रमांक दिले होते आणि एकाही चौकोनात पाय ठेवला नव्हता. (नियम चौदा: जुळणी करणाऱ्याने जमीन पाहू नये, मत कलुषित होतं.) फावल्या वेळात ती कक्षातली परिपत्रकं, कँटीनचा फळा आणि सहकाऱ्यांच्या लग्नपत्रिका यांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत असे. लोक आधी चिडत, मग पत्रिका छापण्यापूर्वीच आणून दाखवत.

एरवी भूसत्याच्या फॉर्मवर इंग्रजीत छापलेल्या चौकटींपुढे नुसती खूण करायची असे. परंतु सप्टेंबर १९९४मध्ये राजभाषा पंधरवडा आला आणि त्या पंधरा दिवसांपुरते फॉर्म हिंदीत निघाले. चौकटी छापायला वेळ नव्हता, म्हणून 'विवरण' असं लिहून खाली मोकळी जागा सोडली होती. अशा रीतीने योजनेच्या इतिहासात प्रथमच खालच्या माणसाला बोलायची संधी मिळाली.

आनेकलच्या पुढच्या एका खेड्यात हंबीरराव गायकवाड निरीक्षक होते. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून तिथलं. घरी मराठी, बाजारात कन्नड. शाळेतल्या हिंदीपैकी फक्त अक्षरं त्यांच्याजवळ राहिली होती, भाषा नाही. अक्षरं तीच म्हणजे भाषाही तीच, असं समजून त्यांनी मराठीत लिहून दिलं. (कक्षाचीही समजूत तीच होती.) मराठी वाचणारी म्हणून हा हिंदी फॉर्म शालनकडे आला. चौकोन क्रमांक ८८१३. त्यात लिहिलं होतं:

"इथं मोठी केरे हाय. आमचे आजाच्या आजापासून हाय. गावचे सगळे इथंच येतात. पावसात वाढते, उन्हात स्वल्प वास येते. पक्षी लई येतात."

शालनने डोळे मिटून घेतले. मग पेन्सिल उचलली. पाच मिनिटांत मजकूर असा झाला:

"येथे मोठा केर आहे. तो आमच्या खापरपणजोबांपासून आहे. गावातील सर्व जण येथेच येतात. पावसाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात थोडासा वास येतो. पक्षी फार येतात."

वंशपरंपरेने जपलेल्या या केराचं तिला वाईट वाटलं. उपग्रहाने तो चौकोन गडद निळा कळवला होता, म्हणजे पाणी. पण नियम नऊ होता. तिने सत्तेचाळीस घातले आणि तो क्रमांक त्याच आठवड्यात एकेचाळीस देशांत पोचला. पैकी एकाही देशाने हरकत घेतली नाही.

जानेवारीत हंबीरराव स्वतः कक्षात आले. एका हातात पाण्याचा कॅन होता आणि त्यात एक जिवंत मासा.

"हे काय?" शालनने विचारलं.

"पुरावा, अक्का." त्यांनी कॅन टेबलावर ठेवला. "काल लॉरी आली. केर घेऊन. आमच्या केरेत ओतायला बघते! मी आडवा झालो तर ड्रायव्हर नकाशा दाखवतो. म्हणतो, सत्तेचाळीस नंबर हाय, दिल्लीपर्यंत लिवलंय. आता सांगा, हे केर म्हणून कोण लिहिलं?"

"तुम्हीच लिहिलंत."

"मी केरे लिहिलं!"

"तेच. 'केरे' असा शब्द नाही."

"शब्द नाही? बासष्ट एकर पाणी हाय, अक्का, आणि शब्द नाही?"

कँटीनचा मंजुनाथ कॉफी घेऊन आला होता. त्याने कॅनमध्ये डोकावून पाहिलं आणि कन्नडमध्ये काही विचारलं. त्यात 'केरे' हा शब्द दोनदा आला, तोही हंबीररावांनी लिहिला होता तस्साच. शालनने त्याला अर्थ विचारला. मंजुनाथने आधी माशाकडे बोट दाखवलं, मग पाण्याकडे, मग हात शक्य तेवढे लांब पसरले.

शालनच्या कानशिलांना लाली चढली. पेन्सिलीहून किंचित फिकट. आयुष्यात प्रथमच तिने एक चूक केली होती, आणि ती बासष्ट एकरांची होती.

ती हंबीररावांना घेऊन कक्षप्रमुख चंद्रकांत सबनीस यांच्याकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. सबनिसांनी शांतपणे ऐकलं.

"हंबीरराव," ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "उपग्रहाला पाणीच दिसलं होतं. आम्ही त्याचं ऐकलं नाही. तुमच्यावर विश्वास ठेवला."

"सर, चूक माझी आहे," शालन म्हणाली.

"तुमची कशी? शुद्धलेखन बरोबर आहे."

दुरुस्तीची सोय अर्थातच होती. प्रस्ताव, तीन प्रती, जूनमधल्या वार्षिक बैठकीत एकेचाळीस देशांची मान्यता. त्याखेरीज एक साधा प्रश्न: नोंदलेला केर आता तिथे नाही, तर तो गेला कुठे? शालन विज्ञानाची होती. हा प्रश्न बिनतोड आहे हे तिला पटलं. बासष्ट एकर केर हवेत विरत नाही.

"तोवर लॉऱ्या थांबवता येतील का, सर?"

"लॉऱ्या दुसऱ्या खात्याच्या. आपण फक्त निरीक्षण करतो."

त्या रविवारी शालनने नियम चौदा मोडला. बसने आनेकलला गेली, तिथून हंबीररावांच्या सायकलवर मागे बसून तळ्यावर. हंबीररावांच्या पत्नी सोयराबाई काठावर भाजी धूत होत्या. त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"ह्याच का त्या, केर म्हणणाऱ्या?"

"सरी, बरं बरं, सोड आता," हंबीरराव पुटपुटले.

"सोडते की. अक्का, चप्पल काढून या. केर लागेल पायाला."

शालन गुडघाभर पाण्यात उतरली. पाय गाळात रुतले, साडी भिजली, बगळे उडाले आणि ती का कोण जाणे मोठ्याने हसू लागली. सव्वा लाखांतला पहिला चौकोन! उत्साहाच्या भरात तिने आठ फोटो काढले. (प्रस्तावासोबत जोडलेले ते फोटो योजनेच्या समितीने परत पाठवले. शेरा: 'छायाचित्रे माणसाच्या उंचीवरून घेतलेली आहेत. जगाकडे या कोनातून पाहण्याची पद्धत नाही.')

त्यानंतर तिने एकोणीस पत्रं लिहिली. लॉऱ्यांच्या खात्याने प्रत्येकाला उत्तर दिलं: आपल्याच नकाशाबरहुकूम काम चालू आहे, सहकार्याबद्दल आभार. फेब्रुवारीत रोज सहा लॉऱ्या येत, एप्रिलमध्ये चाळीस. हंबीरराव दर रविवारी खुणेच्या दगडापाशी पाणी मोजून तिला कळवत. मे महिन्यात त्यांनी कळवलं की दगड सापडत नाही.

जूनमध्ये एकेचाळीस देशांनी दुरुस्ती एकमताने मान्य केली. अट एकच: ताजं भूसत्य, मूळच्याच हिंदी फॉर्मवर.

हंबीरराव चौकोन ८८१३मध्ये जाऊन उभे राहिले. खोटं लिहावं असं त्यांच्या मनात आलं असेल, तर फॉर्मवर तशी खूण नाही. शालनने फॉर्म उघडला. अक्षर तेच, पण या वेळी प्रत्येक मात्रा जागच्या जागी होती:

"येथे मोठा केर आहे. तो जानेवारीपासून आहे. पक्षी येत नाहीत."

लाल पेन्सिल हातात घेऊन तिने तो दोनदा वाचला. दुरुस्त करण्यासारखं एकही अक्षर नव्हतं. शेवटी तिने सत्तेचाळीस घातले. पुढच्या फेरीत उपग्रहालाही तिथे केरच दिसला. मतभेद मिटला. कक्षाची अचूकता ९९.९९९२ टक्क्यांवरून पूर्ण शंभरावर गेली आणि सबनिसांना एक चांदीचा पृथ्वीगोल मिळाला. (तो घरंगळू नये म्हणून खाली चपटा केलेला आहे.)

आता वाचकांविषयी. हंबीररावांचं पहिलं विवरण वर जसंच्या तसं छापलं आहे. ते वाचताना तुम्ही मनातल्या मनात काय काय सुधारलंत, हे उपग्रहाला दिसत नाही. अशा वेळी नियम नऊप्रमाणे तुमचं स्वतःचं म्हणणं प्रमाण मानण्यात येतं. तरी जे खरं असेल ते दोन ओळींत लिहून कक्षाकडे पाठवावं. भाषा कशीही चालेल.

शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ.