उजव्या कोपऱ्यातला प्रामाणिकपणा

हुडकेश्वरच्या आमच्या कॉलनीत एक सार्वजनिक अभ्यासिका आहे आणि तिच्या संगणक कक्षातल्या प्रत्येक पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक स्टिकर चिकटवलेलं आहे. त्यावर छापलंय, 'मी प्रामाणिकपणाची शपथ घेतली आहे.' अभ्यासिकेचे अध्यक्ष मनोहरराव सरकारी खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा दक्षता सप्ताहातून उरलेले या स्टिकरांचे गठ्ठे त्यांनी घरी आणले. सरकारी वस्तू वाया जाऊ नये, एवढाच त्यामागे हेतू होता.

कोपराच का, यालाही कारण आहे. संगणकांवरची ऑपरेटिंग सिस्टिम अभ्यासिकेच्या समितीने सीताबर्डीच्या फुटपाथवरच्या एका टेबलावरून आणली होती. ती बिचारी रोज त्याच कोपऱ्यात फिकट अक्षरांत कळवायची, की ही प्रत अधिकृत नाही. पण बिलावर 'लायसन्ससहित' असा गोल शिक्का होता. शिक्का असताना असं बोलणं हा संगणकाचा उद्धटपणा झाला, म्हणून समितीने ठराव करून स्टिकरने त्याचं तोंड बंद केलं.

गैरसोय एकच होती. टायपिंगच्या सरावात उरलेला वेळ दाखवणारं घड्याळही नेमकं त्याच कोपऱ्यात यायचं. मुलं वेळ न बघता टायपिंग करायची. मनोहरराव म्हणायचे, याने एकाग्रता वाढते.

प्रीतीला मात्र ते घड्याळ हवं होतं. इंदूबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत, त्यांची ही मुलगी. लिपिकाच्या जागेची लेखी परीक्षा ती पास झाली होती, टायपिंगची चाचणी तेवढी राहिली होती. घरी संगणक नाही. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार. म्हणजे ही चाचणी पार झाली तर नोकरी, नाही तर आईबरोबर खिचडीच्या पातेल्याशी उभं राहायचं. हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं, समितीलाही.

आणि अशा वेळी एका सकाळी सगळे संगणक काळे पडले; अनधिकृत प्रतीची सहनशक्ती संपली होती.

प्रशिक नावाचा एक इंजिनिअर आमच्याच गल्लीत राहतो. त्याला ओपन सोर्सचं, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरचं, वेड आहे. लग्नाच्या पंगतीतही शेजारच्याला सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर व्याख्यान देतो आणि वाढप्याला पुढे जाऊ देत नाही. तो आला, प्रीतीला दोन तास तत्त्वज्ञान ऐकवलं आणि नंतर अर्ध्या तासात सगळ्या संगणकांवर मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली. संगणक सुरू झाले. कोपऱ्यात तक्रार दिसेना, म्हणून त्याने स्टिकरं काढून टाकली. प्रीतीला घड्याळ दिसू लागलं आणि तिचा वेग रोज वाढायला लागला.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मनोहरराव पाहणीला आले.

"प्रामाणिकपणा कोणी काढला गा?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"काका, आता त्याची गरज नाही," प्रशिक म्हणाला. "ही सिस्टिम खरीच कायदेशीर आहे."

"लायसन्स दाखव."

प्रशिकने पडद्यावर लायसन्स उघडून दिलं. मनोहररावांनी चष्मा पुसला आणि नोकरीत जितक्या सावकाश फाइल वाचायचे तितक्या सावकाश वाचलं. कोणीही वापरा, कोणीही कॉपी करा, हवा तसा बदल करा; दुसऱ्याला द्याल तेव्हा त्यालाही हेच सगळं करू द्या.

"यात मनाई कोणाले आहे?"

"कोणालाच नाही."

"मंग हे लायसन्स कायचं? अन् सही कुठी आहे? शिक्का?"

"सही नसते, काका. हे जगभरच्या कम्युनिटीने बनवलंय. अडचण आली तर कम्युनिटी मदत करते."

"कम्युनिटी म्हणजे कोणाची?" मनोहररावांनी आवाज खाली घेऊन विचारलं. हा प्रश्न ते भाडेकरू ठेवतानाही असाच आवाज खाली घेऊन विचारतात. प्रशिकला तो आवाज ओळखीचा होता, घर शोधताना त्याने तो बऱ्याच दारांत ऐकला होता.

समितीची तातडीची सभा भरली. तर्रीपोहे झाल्यावर सचिव प्रेमानंद यांनी लायसन्सचं शेवटचं कलम वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की या सिस्टिमची कोणतीही हमी नाही आणि नुकसान झाल्यास बनवणारे जबाबदार नाहीत. सभा गारठली. जबाबदारी नाही, असं लिहून देणारा माणूस समितीने आजवर पाहिला नव्हता. न लिहिता जबाबदारी टाळणारे तर सगळेच तिथे बसले होते. विकतच्या सिस्टिमच्या करारातही असंच कलम असतं, हे प्रशिकने सांगून पाहिलं.

"ते कोणी वाचते काय?" प्रेमानंद म्हणाले. "तिथी खाली 'मान्य' लिहून राहते, तेच दाबा लागते."

ठरलं असं, की जबाबदार अधिकारी कोण हे त्या कम्युनिटीलाच रीतसर विचारायचं. प्रेमानंदांनी त्यांच्या संकेतस्थळावर इंग्रजीत अर्ज टाकला: महोदय, आपल्या सिस्टिमच्या संदर्भात सक्षम प्राधिकाऱ्याचे नाव, हुद्दा व पत्ता उलट टपाली कळवावा. अर्ध्या तासात ब्राझीलच्या एका माणसाचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, असा अधिकारी कोणी नाही, पण तुमची अडचण सांगा, मी सोडवतो.

"फर्जी आहे," मनोहररावांनी निर्णय दिला. "खरं ऑफिस अर्ध्या तासात उत्तर देते काय?"

त्यानंतर मात्र कम्युनिटीने आपली लायकी सिद्ध केली. एकाने कळवलं, की अर्ज चुकीच्या विभागात टाकला आहे. दुसऱ्याने लिहिलं, हा प्रश्न पूर्वीच विचारून झालाय, आधी शोधून मग विचारत जा. तिसरा म्हणाला, तुमची निवडच चुकली, माझी सिस्टिम घ्या. मग संगणक कक्षातला प्रिंटर चालवणारी फाइल पुरेशी मुक्त आहे की नाही, यावर दोघांची जुंपली. प्रशिक तिसरा म्हणून त्यात उतरला आणि आठवडाभर बाहेर आला नाही. प्रीती रोज त्याला फोन करायची, एका संगणकाचा मराठी कीबोर्ड नीट उमटत नव्हता. "थांब ना जरा," तो म्हणायचा, "इथं तत्त्वाचा प्रश्न सुरू आहे." शेवटी कोणा अधिकाऱ्यासारख्या माणसाने येऊन चर्चेला कुलूप लावलं.

"हां," मनोहरराव पहिल्यांदाच आदराने म्हणाले, "आता ऑफिस वाटून राहिलं."

आणि ऑफिस म्हटलं की आपलं ऑफिस हवंच. समितीने 'मुक्त प्रणाली नियमन व सहाय्य उपसमिती' स्थापन केली. संगणक चालू करता येणारा माणूस पक्षपाती ठरेल, म्हणून एकही तसा माणूस तिच्यात घेतला नाही. कोणीही वापरावी, असं लायसन्समध्येच होतं. मग हा 'कोणीही' कोण ते ठरवायला नको का? ज्याला 'कोणीही' व्हायचं असेल त्याने दोन सदस्यांच्या शिफारशीसह अर्ज करावा, असा नियम झाला. बदल करण्याची मुभा होती, तीही उपसमितीने वापरली. पहिला बदल, पडद्यावर मनोहररावांचा फोटो. दुसरा बदल, कॉपी करण्यास सक्त मनाई.

"काका, हे लायसन्सचं उल्लंघन आहे," प्रशिक म्हणाला. "आपल्याला ज्या अटीवर मिळालं त्याच अटीवर पुढे द्यावं लागतं."

"कोणी तक्रार केली काय?"

"मी करतोय ना."

"तू तर आरोपी आहेस," मनोहरराव म्हणाले. प्रामाणिकपणा काढल्याची त्याची चौकशी तेव्हा सुरूच होती. चौकशी पूर्ण होईपर्यंत संगणक कक्षाला कुलूप लागलं.

प्रीतीने पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला. वाचन कक्षाच्या कोपऱ्यात बसून ती त्या पुठ्ठ्यावर बोटं चालवायची. आवाज नाही, वीज नाही, लायसन्स नाही. समितीला ही कल्पना फार आवडली. वार्षिक अहवालासाठी मनोहररावांनी पुठ्ठ्यासह तिचा फोटो काढून घेतला. मला त्या दिवशी लाज वाटली. पण फोटोत मागे जागा होती, म्हणून मीही उभा राहिलो.

एका संध्याकाळी इंदूबाई मनोहररावांच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, पोरीची परीक्षा तोंडावर आली. पुठ्ठ्यावर वेग येते काय? कुलूप काहून लावून ठेवलं?"

"इंदूबाई, तिच्यासाठीच करून राहिलो ना वं सगळं. उद्या ते फुकटवाले आले अन् म्हणाले, तुमची पोरगी आमच्या सिस्टिमवर शिकली, आणा तिची नोकरी, तर?"

इंदूबाई फाटकापासून परत फिरल्या. मी शेजारच्या गच्चीवरून ऐकत होतो. इतक्या मूर्ख वाक्याला उत्तर द्यायला तेवढाच मूर्ख माणूस लागतो, आणि तो त्या वेळी स्वतःच बोलत होता.

चौकशीचा निकाल लागला. प्रणाली बेवारस असल्याने ती काढून टाकण्यात यावी. प्रेमानंद सीताबर्डीला गेले. टेबलवाला तोच, शिक्का तोच. संगणक पुन्हा सुरू झाले, कोपऱ्यात फिकट अक्षरं उमटली आणि त्यांच्यावर नवंकोरं स्टिकर बसलं. परीक्षा आठवड्यावर आली होती. प्रीतीने एका संगणकाचं स्टिकर नखाने खरवडायला घेतलं, तेव्हा मनोहरराव मायेने म्हणाले, "राहू दे बेटा, शपथ अशी मधेच मोडू नाही."

तर प्रीती वेळ न बघता सराव करत राहिली. अनधिकृत प्रत दर तासाला पडदा काळा करायची, ती पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायची.

चाचणीत ती नापास झाली. शेवटचा परिच्छेद अर्धाच झाला होता. तिथल्या पडद्यावर घड्याळ अगदी स्वच्छ दिसत होतं, असं तिने आईला सांगितलं. "पण माझी नजर त्या कोपऱ्यात गेलीच नाही गं आई. सवयच राहिली नव्हती."

वार्षिक सभेत या अपयशाची गंभीर दखल घेण्यात आली. जबाबदार कोण, यावर पोहे संपेपर्यंत चर्चा झाली. हमी नसलेल्या फुकट प्रणालीमुळे मुलांच्या भवितव्याशी खेळ झाला, असा ठराव प्रेमानंदांनी मांडला. प्रशिक सभेला नव्हता, तो आता दुसऱ्या एका संकेतस्थळावर प्रिंटरच्या बाजूने लढत होता. इंदूबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. मनोहररावांनी विचारलं, "कोणाचा विरोध?" आम्ही सगळे शिकलेले, मतदान करणारे, घरोघरी संगणक असलेले लोक. ठराव एकमताने मंजूर झाला. इंदूबाई मतदानाआधीच उठून गेल्या होत्या, त्यामुळे एकमताला बाधा आली नाही.

सभा संपल्यावर एकेक जण मनोहररावांना हळूच बाजूला घेऊन घरच्यासाठी स्टिकर मागत होता. मीही एक घेतलं.

तुम्ही हे वाचून मनोहररावांना हसला असाल. हसा. तुमच्या घरच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत काय येतं, ते मी विचारणार नाही. गठ्ठा अजून शिल्लक आहे. एक अर्ज आणि दोन सदस्यांची शिफारस आणा, तुमच्याही प्रामाणिकपणाची सोय होईल.