पिंप ठोकून बघणारी

मालनबरोबर मी शेवटचं साधंसुधं काम केलं ते दारू भरायचं. मालन म्हणजे माझी बायको. आम्ही दोघंही घेत नव्हतो. मला वासानंच शिंका येतात, आणि ती दारूच्या दुकानावरून जाताना नाकाला पदर लावायची. तरी परदेशात, वेरिबी गावात, पोराच्या, संदीपच्या गॅरेजमध्ये, बाहेर सगळं बंद असताना, आम्ही म्हातारा-म्हातारी व्हिस्की भरत बसलो होतो.

पण आधी तिची खोड सांगतो. तिला काहीही ठोकून बघायला लागायचं. बोटं दुमडायची, टकटक करायची आणि मान वाकडी करून ऐकायची. नारळ-कलिंगड सगळ्याच बायका ठोकतात. ही गॅसची टाकी, तांदळाचा डबा, नातीचं डोकं, काही सोडायची नाही. मला खोकला झाला की पाठीवर टकटक. "कफ नाही. नाटक आहे." जन्मभर टेम्पो चालवला मी, चौथीच्या पुढं शाळा नाही, पण टायरसुद्धा ती ठोकल्याशिवाय निघू द्यायची नाही.

इथं आलो तेव्हा संदीपनं हौसेनं घर दाखवलं. हिनं आत पाऊल टाकलं आणि भिंत ठोकली.

"पोकळ आहे. पुठ्ठ्याचं घर घेतलंस बाबा."

"आई, इथं सगळ्यांची घरं अशीच असतात."

"मग सगळेच फसले."

गॅरेजमध्ये लाकडी पिंप होतं. संदीपनं दोन मित्रांबरोबर पैसे घालून दारूच्या कारखान्यातून भरलेलं पिंपच विकत आणलं होतं. मुरली की तिघांनी मिळून बाटल्यात काढायची, असं ठरलेलं. मालन रोज सकाळी चहाच्या आधी ते पिंप ठोकायची. बायका तुळशीला पाणी घालतात तशी. एक दिवस आत येऊन म्हणाली, "खाली गेलंय."

संदीप म्हणाला, "लाकडातून थोडी उडून जाते, आई. देवदूतांचा वाटा म्हणतात त्याला."

ती माझ्याकडं बघत म्हणाली, "असले देवदूत मी ओळखते."

त्या दिवसापासून गॅरेजमध्ये खुर्ची टाकून ती भाजी निवडायला लागली. पहारा माझ्यावर, वासानं शिंकणाऱ्यावर.

मग रोग आला. ती आधीच भित्री, त्यात इथले पोलीस, दंड, घरापासून लांब जायची बंदी. दूध आणलं की पिशवी धुवायची आणि मलापण धुवायची. कुणी शिंकलं की ताट घेऊन दुसऱ्या खोलीत. मी हसायचो. खरं सांगायचं तर मीपण घाबरलो होतो, पण दोघांनी घाबरून कसं चालेल.

मित्रांना यायची बंदी. संदीप म्हणाला, "अण्णा, आता नाही काढली तर लाकडाची चव उतरेल, कडू होईल. मला दिवसभर मीटिंग आहेत. तुम्ही दोघं भराल का?"

मालननं लोणच्याचे सगळे नियम लावले. बाटल्या धुऊन ओव्हनमध्ये वाळवल्या. माझे हात दोनदा पुसायला लावले. "ओला हात लागला तर बुरशी येईल." पिंप आतून जाळलेलं असतं, त्यातले कोळशाचे कण गाळायला तुपाचं फडकं नरसाळ्यात घातलं. आणि गॅरेजचं शटर पार खाली ओढलं.

"अगं गुदमरायला होईल."

"पोलिसांना हातभट्टी वाटली म्हणजे? तुम्हाला इंग्रजी येतं का सांगायला?"

तोटी सोडली. वास असा उठला की माझ्या डोळ्याला पाणी आलं. शिंकांवर शिंका. पिंप वाकडं करून शेवटचं निथळून घेतलं. ती पिंप ठोकत म्हणाली, "रिकामं झालं. आता लगेच पाणी भरा. फळ्या सुकल्या की गळतं."

"उद्या भरतो."

तेव्हा बघितलं, तिच्या नाकाला पदर नव्हता. कमरेला खोचलेला होता.

"आज पदर कुठं गेला?" मी म्हटलं. "आवडायला लागली काय?"

"चांगली मुरलीय," ती म्हणाली. "वास कसा तो नाहीच."

मी हसलो. मग हसू थांबलं. बाटली तिच्या नाकाशी धरली. तिनं नाही म्हणून मान हलवली. मी आत जाऊन हिंगाचा डबा आणला. तिनं हुंगला, परत हुंगला, आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. टीव्हीवर रोज सांगत होते, ह्या रोगात वास जातो म्हणून. दोघांनाही ठाऊक होतं. ती उठली आणि माझ्यापासून लांब, शटरला टेकून उभी राहिली.

"तुम्ही जवळ येऊ नका," म्हणाली.

तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली, माझी निगेटिव्ह. मला त्याचा राग आला.

तिला गॅरेजला लागून असलेल्या खोलीत ठेवलं. मी दिवसभर तिच्याच खुर्चीत, रिकाम्या पिंपाशेजारी. पुठ्ठ्याच्या भिंतीचा तेवढा फायदा झाला. ती पलीकडून टकटक करायची, मी अलीकडून. फोन होता, पण बोललं की तिला खोकला यायचा. टकटक आली की जिवात जीव. जरा उशीर झाला की मी भिंतीला कान लावायचो. नात दारातून म्हणायची, "आजी इज ओके, आबा." मी म्हणायचो, थांब, ऐकू दे.

एक दिवस जेवणाच्या वेळी मी ठोकलं आणि उत्तर आलं नाही. परत ठोकलं. मग बुक्की मारली, तेव्हा पलीकडून एकच बोट वाजलं, नखानं खरवडल्यासारखं.

अँब्युलन्सची माणसं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. सोबत कुणाला येऊ देईनात. मी फाटकापाशी उभा. तिनं तोंडावरचा मास्क जरा उचलला. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलणार.

"पिंपात पाणी भरलं का?"

"भरतो."

मी काही भरलं नाही. ती दवाखान्यात असताना गॅरेजमध्ये पाय टाकवेना. एका दुपारी संदीपला फोन आला. तो कॉम्प्युटरसमोरून उठून माझ्याकडं आला, आणि त्यानं तोंड उघडायच्या आधी मी त्याला म्हटलं, "बस खाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी पिंप ठोकलं. पोकळ वाजलं. फळ्या सुकल्या होत्या. बादलीनं पाणी ओतलं, ते सगळ्या फटीतून खाली आलं. परत ओतलं. गॅरेजभर पाणी झालं. संदीप म्हणाला, "अण्णा, राहू द्या ना." मी ओतत राहिलो. लाकूड पाणी प्यायला लागलं, धार थांबली, मग थेंब, मग तेही थांबले. काठापर्यंत भरलं. हात कोरडे पुसले आणि ठोकून बघितलं. बसका, भरल्याचा आवाज.

मग भिंतीवर टकटक केली आणि म्हटलं, "भरलंय."